बिअरची जुडी

मंडईत मी फक्त पिशवी धरतो. खरेदी ही करते. भेंडीचं टोक कट्कन मोडलं नाही, तर ती भेंडी आणि बहुधा ती विकणाराही आमच्या घराला कायमचे मुकतात. कोथिंबिरीची जुडी ती आधी उलटी करते. मुळांची माती ओली आहे का बघते, मग दांड्या, आणि पानं अगदी शेवटी. कारण पानांवर पाणी मारता येतं, मुळांवर मारायचं कोणाला सुचत नाही. नारळ कानाशी धरून हलवते, जणू आतून कोणी फोनवर बोलतंय. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मासळी हा तर घरचाच विषय. पुण्यातल्या मासळीबाजारात ती पापलेटाचा कल्ला उचलून आत असं काही बघते, की विकणारी बाई न विचारताच भाव उतरवते.

अशा बाईचा मी नवरा. तीस वर्षं हे सगळं हाताच्या अंतरावरून पाहिलेलं. आणि तरीही एका शनिवारी संध्याकाळी, वाइन शॉपमधल्या थंड कपाटासमोर उभं राहून, बाटलीवरचं घुबड आवडलं म्हणून मी साडेचारशे रुपये मोजले.

घुबड खरोखर देखणं होतं. डोळ्यांत बुद्धिमत्ता होती. दुकानदारानं ते रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. घरी हिनं कागद सोडवला, रद्दीत ठेवायचा म्हणून मांडीवर घेऊन सुरकुत्या काढल्या आणि तारीख वाचली. "कालचाच आहे, शब्दकोडंही कोरं आहे," ती म्हणाली. मग सवयीनं बाटली उलटी केली, जुडी उलटी करते तशी. चष्मा कपाळावर सरकवून तळाजवळची मुंगीएवढी छपाई वाचली.

"अहो, ही मागच्या दिवाळीच्याही आधीची आहे. आत्ता आषाढ चाललाय." थोडं थांबून म्हणाली, "रद्दी मात्र ताजी आणलीत हो."

बिअर मी प्यालो. साडेचारशे रुपये होते. चव अशी, की कोणे एके काळी या घरात संत्री सोलली गेली असावीत, पण ते लोक आता घर सोडून गेलेत.

घुबडाची जात आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया असल्यामुळे आपला तिच्यावर थोडा हक्क आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात ही बिअर इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला यायची; आधी लंडनच्या हॉजसनची, मग बर्टनच्या ऑल्सपची. चार-सहा महिने लाकडी पिंपात हेलकावे खात, विषुववृत्त दोनदा ओलांडून. टिकावी म्हणून तिच्यात हॉप्सची फुलं सढळ हातानं घातलेली असत, आणि इकडचे साहेब ती पिऊन खूश होते. आज त्याच नावाच्या बिअरला सहा महिने म्हणजे म्हातारपण. कारण हॉप्स आता टिकण्यासाठी कमी आणि वासासाठी जास्त घालतात. संत्र्याची साल, आंबा, ओलं लाकूड, असा जो दरवळ ग्लास नाकाशी नेताच येतो, तो काही आठवड्यांतच उडायला लागतो. कडूपणा मागे राहतो. पाहुणे गेल्यावर भांडी मागे राहतात, तसा.

हिचं वर्गीकरण सोपं आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ही कोथिंबीर. मग लोणचं कुठलं?"

लोणचंही आहे. काळीकुट्ट इम्पीरियल स्टाउट, मधासारखी दाट बार्लीवाइन, या वर्ष-दोन वर्षं मुरल्या तर निवतात. बेल्जियममध्ये गोझ नावाची आंबट बिअर एक, दोन आणि तीन वर्षांच्या बिअरी एकत्र करूनच बनवतात. ऑर्व्हलच्या मठातली बिअर बाटलीत शिरल्यावरही आतल्या यीस्टमुळे बदलत राहते. तिकडच्या काही कॅफेंत तुम्हाला ती ताजी हवी की जुनी, असं विचारतात. पण असं लोणचं फार थोडं. कपाटातल्या शंभरातल्या नव्वद बाटल्या पालेभाजीच्याच वंशातल्या असतात. दुकानदार मात्र सगळ्यांना एकाच फळीवर, एकाच श्रद्धेनं उभ्या करतो. जुनी झाली का विचारलं, तर तो उलट आपल्यालाच समजावतो, "काका, दारू कधी शिळी होते का?"

हा समज फार खोल गेलेला आहे. दारू जितकी जुनी तितकी चांगली, हे आपण कुठल्या तरी चित्रपटातल्या ठाकुरांच्या तळघरात शिकलो. वास्तविक आपल्याच मुलखाला हे जास्त नीट कळायला हवं. नीरा सकाळची घ्यायची. ऊन चढलं की ती हळूहळू ताडीच्या वाटेला लागते आणि नुसती चवच नाही, तिचा कायदाही बदलतो. माझ्या सासऱ्यांच्या घरी चैत्रात हुर्राक असायची. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिली धार. तीच पुन्हा गाळली की फेणी होते, आणि फेणी वर्षानुवर्षं राहते. हुर्राकेचं तसं नाही. ती मोसमाची, पावसाच्या आधी संपवायची. सासरे हे कर्तव्य फार निष्ठेनं पार पाडत. गोव्याची हद्द ओलांडून ती वेंगुर्ल्यात कशी यायची, ते जावई या नात्यानं मी कधी विचारलं नाही. हिनं आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण कुठली दारू ठेवायची आणि कुठली उरकायची, हे तिला रक्तातून आलेलं आहे. माझ्यासारखं ते जाहिरातींतून आलेलं नाही.

गंमत म्हणजे, आमच्या तरुणपणच्या वाइन शॉपमध्ये बिअर ताजी असायची. दुकान कसलं, लोखंडी जाळी. जाळीत एक चौकोनी भोक, भोकाबाहेर वीस हात. "स्ट्राँग की माइल्ड?" हा एकच प्रश्न. तुम्ही उत्तर द्यायच्या आत मागचा माणूस तुमच्या वतीनं "स्ट्राँग" म्हणून मोकळा. निवड शून्य. पण क्रेट सकाळी आले की रात्री रिकामे. बाटलीला म्हातारी व्हायला वेळच मिळायचा नाही. आता त्याच दुकानाचं काचेचं दार झालंय, आत गार हवा आहे, मंद संगीत आहे, हातात टोपली घेऊन हिंडता येतं. भिंतभर कपाटांत घुबडं, माकडं, कवट्या, अंतराळवीर. शनिवारी संध्याकाळी दुकानात आम्ही तीन गिऱ्हाइकं, कपाटात दोनशे प्रकार. गणित करायला बँकेत नोकरी लागत नाही. त्या दोनशेंपैकी बहुतेक जणांना आमची वाट बघत महिनेच्या महिने उभं राहावं लागतं.

आणि उभं राहायचं कुठं? बिअरवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस किंवा 3 अंशांत 300 दिवस, बिअरचं नुकसान सारखंच. हा हिशेब ऐकल्यापासून मला एप्रिलमधले टेम्पो बघवत नाहीत. बाहेर 39 अंश, ताडपत्रीखाली त्याहून जास्त, चालक रसवंतीच्या सावलीत, आणि मागे त्या नाजूक आयपीएंचं तारुण्य तासातासानं ओसरतंय. तिथून गोदाम, गोदामातून दुकान, आणि दुकानात एकदाचं थंड कपाट. जीव गेल्यावर वारा घालण्यातला प्रकार.

परदेशी बाटल्यांची तऱ्हा आणखी निराळी. तारीख असते, पण आयात करणाऱ्याचा भाव-पत्त्याचा पांढरा कागद नेमका तिच्यावर चिकटवलेला असतो. नखानं तो कोपरा खरवडणारा पांढऱ्या केसांचा माणूस तुम्हाला दुकानात दिसला, तर तो मी. मोबाइलचा दिवा लावून, बाटली तिरपी धरून वाचतो. परवा मागच्या मुलानं विचारलं, "काका, घ्यायचीय की वाचायचीय?" त्याला मी सांगितलं की, 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्या राज्यात प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. म्हणजे सरकारदरबारी आपण शौकीन नसून रुग्ण आहोत, आणि औषधाची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नये. त्यानं दोन स्ट्राँग उचलल्या आणि गेला.

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे अमेरिकेत गेलो, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तो मला एका बाटल्यांच्या दुकानात घेऊन गेला. सहाशेच्या वर प्रकार. मी दारातच थबकलो. मोठ्या देवळात गेल्यावर आधी कुठल्या देवाला हात जोडायचे कळत नाही, तसं झालं. भाचा म्हणाला, "मामा, सावकाश बघा." ही चूक होती. पन्नास मिनिटांनी मी पहिल्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवर होतो आणि मला आधी पाहिलेलं काही आठवत नव्हतं. शेवटी उचलली ती पुन्हा चित्र बघूनच (या खेपेला अस्वल). तारखेच्या जागी नुसता आकडा होता, 047. तिकडच्या बऱ्याच ब्रुअरी वर्षाचा कितवा दिवस तेवढाच छापतात. 47 म्हणजे 16 फेब्रुवारी. आम्ही मे महिन्यात होतो. तीन महिने, ठीक आहे, असं म्हणून घेतली. घरी भाच्यानं एक घोट घेतला आणि विचारात पडून म्हणाला, "मामा, फेब्रुवारी, पण कुठल्या वर्षाचा?"

हिरव्या बाटलीतली एक घेतली होती, तिचं तर वेगळंच. ती बरेच दिवस उजेडात उभी असावी. प्रकाशानं हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात आणि त्यातून जो वास निघतो तो थेट स्कंक या तिकडच्या प्राण्याच्या वासासारखा. तपकिरी काच यापासून बरीच वाचवते. हिरवी दिसायला छान. भाचा उत्साहानं विचारत होता, "येतोय ना स्कंकचा वास?" मी जन्मात स्कंक पाहिलेला नाही. म्हटलं, "मला चिचुंद्रीचा येतोय." ज्याची त्याची जीवसृष्टी.

त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर, एका टायरच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानशी ब्रुअरी होती. पाच नळ. फळ्यावर खडूनं पाच नावं, त्यांतलं एक खोडलेलं. मागे टाक्या दिसत होत्या आणि जो मुलगा ग्लास भरत होता त्याच्याच गमबुटांवर धान्याचा चोथा लागलेला होता. ज्या टाकीतली बिअर, तिच्याकडे त्यानं बोट दाखवलं. मला एकदम लहानपणचा गोठा आठवला, चरवीतलं फेसाळ दूध आठवलं. धारोष्ण बिअर! आपल्या भाषेत हा शब्द तयार आहे, फक्त आजवर तो म्हशीच्या पलीकडे गेला नव्हता. त्या ग्लासातून जो संत्र्याचा वास आला, तो घुबडाच्या बाटलीतून घर सोडून गेलेल्या त्या कुटुंबाचाच होता. ती मंडळी इथं राहायला आली होती तर.

मग आम्ही सांता रोझाला गेलो, रशियन रिव्हर ब्रुअरीत. तिथल्या 'प्लिनी द एल्डर'ची बाटली वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं. हॉप्सचा उल्लेख करून ठेवणाऱ्या आणि व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेल्या एका रोमन पंडिताचं नाव या बिअरला दिलंय. पण त्या लेबलावर विद्वत्ता नाही, दटावणी आहे. ही बिअर थंड ठेवा, ताजी प्या, साठवून ठेवू नका, आणि हेच फिरून फिरून, पाहुण्याला निघेपर्यंत सूचना द्याव्यात तसं. सदाशिव पेठेतल्या एखाद्या दारावरची पाटी कोणीतरी अमेरिकन बाटलीवर चिकटवली होती. फक्त 'दुपारी बेल वाजवू नये' एवढंच राहिलं होतं.

त्याहून कडक माणसं तिकडे आहेत. स्टोन या ब्रुअरीनं 2012 साली एक आयपीए काढली, तिचं नावच 'अमुक तारखेच्या आत प्या'. नावातली तारीख दर खेपेला नवी, आणि बाटलीत भरल्यापासून मुदत 37 दिवसांची. बिअरच्या नावातच तिचं तेरावं. दुकानदाराला कागद चिकटवून ते झाकायची सोय नाही, कारण नाव झाकलं तर विकायचं काय?

हे सगळं शिकून मी पुण्याला परतलो आणि आमच्या बँकेतल्या मित्राला सांगायला गेलो. तिथं चूक झाली. तो संग्राहक आहे. लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवायचा, आता बिअरी जमवतो. मोबाइलवर प्रत्येक नव्या बिअरची नोंद करायची, तारे द्यायचे, आणि मग आयुष्यात पुन्हा तिचं तोंड बघायचं नाही. आठशेच्या वर झाल्यात. "तीच बिअर दुसऱ्यांदा पिणं म्हणजे आयुष्य वाया घालवणं," असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षं तो सकाळी एकाच टपरीवर एकच चहा पितो, ते त्यात मोजलेलं नाही. तो ब्रुसेल्सला जाऊन डेलिरियम कॅफेत बसून आलाय. 2004 साली त्यांनी 2004 प्रकारच्या बिअरांचा विक्रम नोंदवला होता. तिथली यादी म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी. यानं तास-दीड तास ती वाचली, घाम फुटला, आणि अखेर मागवली ती पुण्यात मिळणारीच एक. "म्हटलं, ही तरी ओळखीची आहे," असं त्यानं मला खाजगीत सांगितलंय.

पण त्याचा खरा ऐवज घरी होता. परदेशातून आणलेल्या चौदा बाटल्या, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, वहिनींच्या बोनचायनाच्या सेटशेजारी. दोन्ही वस्तू 'काहीतरी खास असेल तेव्हा' काढायच्या होत्या. शोकेसवर संध्याकाळचं ऊन यायचं. वर दिवाही होता, पिवळा, संग्रहालयात असतो तसा. पाच वर्षं गेली. मुलीचं लग्न झालं, पण तेव्हा घरात मंगलकार्य होतं. नातू झाला, तेव्हा सोयर होतं. शेवटी त्याची साठी आली आणि बोनचायनाच्या आधी बाटल्यांचा नंबर लागला.

आम्ही सात जण. त्यानं पांढऱ्या नॅपकिनमध्ये धरून पहिली बाटली उघडली. आवाज आला नाही. ग्लासात गढूळ, तपकिरी काहीतरी पडलं. फेस आला, सगळ्यांकडे बघितलं आणि गेला. आम्ही घोट घेतला. कोणी कोणाकडे बघेना. मग एक जण धीर करून म्हणाला, "मधाची छटा आहे." दुसरा म्हणाला, "शेरीसारखी लागते." तिसऱ्यानं डोळे मिटून "कॅरमेल" असा एकच शब्द उच्चारला, जपमाळेच्या सुरात. यजमानाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. जुन्या बिअरमध्ये हवेमुळे जी द्रव्यं तयार होतात, त्यांतलं एक इतक्या सूक्ष्म प्रमाणातही जाणवतं, की ते लपवायला साठीचा प्रसंगही पुरत नाही. सात सुशिक्षित माणसं त्याला काय म्हणावं याचा विचार करत असताना, ही आतून भज्यांची ताटली घेऊन आली, दारात थांबली, नाक उडवलं आणि वहिनींना म्हणाली, "अगं, तुमच्याकडे कुठे पाणी झिरपतंय का? भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

बिअरच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. पुठ्ठा. भिजलेला. लोक प्रशिक्षण घेऊन शिकतात.

त्या रात्री उरलेल्या तेरा बाटल्या आम्ही उघडल्या. आता थांबणं शक्यच नव्हतं. तेरांपैकी दोन, दोन्ही काळ्या आणि जहाल, इतक्या सुरेख निघाल्या की अकरा पुठ्ठे विसरायला झाले. मनुका, खजूर, थोडं दारूत भिजवलेलं लाकूड. मित्रानं लगेच मोबाइल काढला आणि पाच-पाच तारे दिले. त्या दोन टिकणार आणि पहिलीसकट बारा जाणार, हे घेतानाच ठरलेलं होतं. चौदाही बाटल्या खास प्रसंगासाठी म्हणून एकाच दिव्याखाली उभ्या करणं, हा दोष त्याचा. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. साठी झालेल्या माणसाला एका वेळी एवढंच.

ताजं कसं ओळखायचं, याचं उत्तर मला शेवटी मंडईतच मिळालं, आणि तेही ऐकू आलं म्हणून. ही एका भाजीवाल्या मावशींशी बोलत होती. शेजारच्या गाळ्यावर ब्रोकोली, लाल कोबी, लेट्यूस, झुकिनी, असा चित्रासारखा थाट होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. मावशींकडे चारच भाज्या आणि माणसं तीन रांगांत. मी हिला म्हटलं, "तिकडे केवढं काय काय आहे." मावशी पिशवीत मेथी कोंबत म्हणाल्या, "दादा, त्याच्याकडचं समदं बघायचं असतंय. माझ्याकडचं सांजंपत्तूर उरतच न्हाई."

तेव्हापासून मी मायक्रोब्रुअरीत गेलो की 'ताजं काय आहे' असं विचारत नाही. "सगळं फ्रेशच आहे सर," हे उत्तर जगाच्या पाठीवर सगळीकडे तयार असतं. शिळं आहे असं सांगणारा वेटर अजून जन्माला यायचाय. मी विचारतो, "सगळ्यात जास्त खपतं काय?" वेटर आधी गोंधळतो. त्याला वाटतं, काकांना स्वतःची आवड नाही. मग सांगतो ते खरं असतं, कारण त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटत नाही. जे खपतं त्याचं पिंप दोन-तीन दिवसांत बदलतं. इंग्लंडमध्ये पिंपातली जिवंत बिअर एकदा उघडली की साधारण तीन दिवसांत संपवावी लागते, म्हणून तिथले जुने पबवाले नळांची रांग वाढवायला बिचकतात. आमच्याकडे सहा-आठ नळ असतात, तेवढे पुष्कळ झाले.

पुण्याला या ताज्या बिअरची सवय लागली 2009 मध्ये, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून डूलाली आली तेव्हा. हे नावही आपलंच आहे, आपल्याला ते उलटं ऐकू येतं इतकंच. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक बोटीची वाट बघत पडून असायचे. काम नाही, ऊन मरणाचं, बोट येत नाही. काहींची डोकी फिरायची. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. देवळालीचं डूलाली आणि आपल्या तापाचं टॅप. वाट बघून बघून बिघडण्याला इंग्रजांनी देवळालीचं नाव दिलं, आणि मला दर वेळी वाइन शॉपच्या कपाटातल्या त्या दोनशे बाटल्या आठवतात. त्याही बोटीनं आलेल्या, त्याही ताटकळलेल्या.

तर मी सुधारलो. स्कूटरवर पायांमध्ये दीड लिटरची काचेची बरणी धरून, गतिरोधकांवरून मुलाला शाळेत नेल्यासारखा जपून, गव्हाची ताजी बिअर घरी आणू लागलो. केळ्या-लवंगांचा वास येणारी ही बिअर सगळ्यात जास्त खपते. दोन दिवसांत संपवावी लागते. पहिला आठवडा स्वर्ग. दुसरा आठवडा उत्तम. सहाव्या आठवड्यात मला केळं बघवेना. ताजेपणाचा हा एक तोटा कोणी सांगत नाही: सगळ्यात ताजं तेच असतं जे सगळेच घेतात, आणि जे सगळेच घेतात ते आपल्यालाही रोज घ्यावं लागतं. आमच्याकडे मोसमात मेथी अशीच होते. हिला विचारलं तर म्हणते, ताजी आहे ना? मग?

म्हणून कबूल करतो. अधूनमधून एखाद्या शनिवारी मी काचेचं दार ढकलून आत जातो. टोपली घेत नाही. नुसता घुबडांकडे, अस्वलांकडे बघत हिंडतो आणि शक्यतो रिकाम्या हातानं परततो. शक्यतो.

मागच्या डिसेंबरात भाचा आला तेव्हा बॅगेतून पायमोज्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. सिएरा नेवाडाची बिगफूट, बार्लीवाइन. ती दर वर्षी निघते, 1983 पासून, आणि वर्ष स्पष्ट छापलेलं असतं. भाचा हिला म्हणाला, "मामी, ही घाईनं प्यायची नाही. दोन-तीन वर्षं ठेवली की छान होते." मी ओपनर शोधत होतो. हिनं बाटली माझ्या हातातून घेतली, उलटी केली, बघितली, आणि पहिल्यांदाच एका बिअरच्या बाटलीकडे आदरानं पाहिलं. मग कात्री, पांढरी चिकटपट्टी आणि बॉलपेन आणलं. आमच्या कोठीच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर, अंधारात, फरशीला टेकून, बरण्यांची रांग आहे. 'लिंबू, गोड, माघ.' 'मोरांबा, वैशाख.' त्यांच्या शेजारी आता एक तपकिरी बाटली उभी आहे आणि तिच्यावर हिच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: 'भाचा, कडू, मार्गशीर्ष.'

काल दुपारी ही झोपलीये असं बघून मी कपाट हळूच उघडलं. बिजागरी कुरकुरली.

"अहो," आतल्या खोलीतून आवाज आला, "मुरू द्या."